खालच्या टाकीवरचा हात

त्या कारखान्यातून एकही मोटार मिस्त्रींचा हात लागल्याशिवाय रस्त्यावर उतरत नसे. रंग वाळला, चाकं बसली, की इंजिन अर्धा तास जागच्या जागी चालवायचं आणि मग मिस्त्रींना बोलवायचं. मिस्त्री हातातलं काम खाली ठेवत, फडक्याला हात पुसत, रेडिएटरसमोर उभे राहत आणि उजवा तळहात तीन ठिकाणी लावत. आधी वरच्या टाकीवर, मग मधल्या जाळीवर, शेवटी खालच्या टाकीवर. वर दोन मोजेपर्यंतच हात टिकायला हवा, मध्ये पाच आणि खाली दहा. जमलं तर ते एवढंच म्हणत, "सोडा गाडी." मग मालकसुद्धा त्या गाडीबद्दल पुन्हा काही विचारत नसत.

आज कुणाला हे खुळचट वाटेल. पण तेव्हा मोटारी नव्या होत्या आणि माणसं त्यांच्याहून नवी. पाणी खेळवायला त्या गाड्यांत पंप नव्हता, उष्णता सांगायला काटा नव्हता. चुलीवरच्या पातेल्यात तळचं पाणी तापून वर येतं आणि वरचं गार पाणी खाली बसतं, त्याच न्यायाने इंजिनातलं पाणी तापून वरच्या टाकीत चढे, जाळीतल्या बारीक नळ्यांतून उतरताना निवे आणि खालच्या टाकीतून कोमट होऊन परत इंजिनात शिरे. त्या फेऱ्याची अट एकच होती. इंजिनातून येणाऱ्या नळीचं तोंड वरच्या टाकीत सतत पाण्याखाली हवं. ते उघडं पडलं की फेरा तुटला. मग वर पाणी रटरटतं, खालची टाकी गारठून पडते, आणि इंजिन बिचारं आतल्या आत भाजत जातं. बाहेरून बघणाऱ्याला वाफेचा एक धागा दिसतो, आणि तसा धागा त्या काळी बऱ्या गाडीच्या तोंडातूनही निघत असे.

हे सगळं ओळखायचं ते मिस्त्रींच्या तळहाताने. तीस वर्षं त्या हाताने तांबं-पितळ हाताळलं होतं. एका रेडिएटरला चार हजार नळ्या लागत, बोटभर लांबीच्या. त्या एकीवर एक रचायच्या, त्यांची टोकं कथील-शिशाच्या रसात बुडवून सांधायची, आणि एक जरी नळी चुकार निघाली तरी मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी ती सगळी जाळी पुन्हा रसात घालायची. मिस्त्रींच्या हातची चुकार नळी कुणी पाहिली नव्हती. नकाशे काढणारे गृहस्थ, ज्यांना सगळे नकाशेवालेच म्हणत, त्यांनी एकदा मखमलीच्या डबीतून काचेचा थर्मामीटर आणला होता. मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" कारखाना हसला. नकाशेवाले सज्जन माणूस, तेही हसले, आणि डबी खणात गेली ती गेलीच.

तयार झालेली गाडी पहिल्यांदा रस्त्यावर न्यायची ती धाकट्याने. धाकटा म्हणजे मिस्त्रींचा धाकटा भाऊ, सोळा वर्षांनी लहान. आईबाप एकाच तापात गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि मिस्त्रींची बायको घरात येऊन तीन महिने झाले होते. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, कडेवर घेऊन फिरवलं, शाळेतून पळून आला की बडवलं. तिला तो वहिनी म्हणे, म्हणून पुढे सगळा कारखाना तिला वहिनी म्हणू लागला. पोरगं शिट्टी वाजवत वाढलं. गाडी चालवताना मात्र शिट्टी बंद असायची, कान इंजिनाकडे असायचे. दादाने "सोडा गाडी" म्हटलं की तो काहीही न विचारता चाक हातात घेई. इतरांच्या गाडीत बसताना तो आधी चारी बाजूंनी फिरून बघायचा, दादाने हात लावलेल्या गाडीभोवती कधी नाही.

पहिली खूण दिसली ती स्वयंपाकघरात. एका सकाळी दूध उतू चाललं. वहिनी मागच्या दारी होत्या. मिस्त्री उठले, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि खाली ठेवलं. वहिनी दारात आल्या तेव्हा सांडशी खुंटीलाच होती आणि घरात करपल्या कातडीचा वास होता.

"तुम्ही पातेलं कशाने उतरवलंत?" त्यांनी विचारलं.

"हाताने. दुसरं काय लावणार?"

"भाजलं नाही?"

"एवढ्याने काय भाजतंय," मिस्त्री म्हणाले आणि चहाला बसले. मग त्यांनी तळहात बघितला. बोटांच्या मुळाशी कातडी पांढरी पडून सुटली होती. त्यांना काही म्हणजे काही लागलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी कारखान्याच्या मागे जाऊन, कुणी नाही असं बघून, हाताची परीक्षा घेतली. तापलेली पट्टी करंगळीला लावली, करंगळी बोलली. अंगठ्याच्या बुंध्याला लावली, तो पुटपुटला. तळहाताच्या मध्ये लावली. तिथे कुणी घरात नव्हतंच. डावा हात थोडा बरा, पण तोही निघायच्या तयारीत. मिस्त्री भ्याले. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर मान वर करून चाललो तो हात आपल्याला न सांगता निघून गेला, याची त्यांना भीती वाटली आणि लाजही वाटली. भीतीचं कुणाला तरी सांगता येतं. लाजेचं सांगता येत नाही.

वहिनींना सांगावं लागलं नाही, त्यांनी ओळखलं. "मालकांना सांगून टाका," त्या म्हणाल्या. "हात गेला म्हणजे माणूस जात नाही."

"माझ्या बाबतीत जातो."

"मग त्या काचेच्या नळीला काय झालं?"

"तिला मी सगळ्यांदेखत हसलोय."

मग, नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून, जे सांगायला नको होतं ते वहिनींनी सांगितलं. "धाकट्याला आंघोळ घालताना पाणी मी तळहाताने कधी बघितलं नाही. मनगट लावायचं, आतल्या बाजूने. तळहात मेला कामाने निबर होतो, त्याचा काय भरवसा."

युक्ती लागू पडली. मिस्त्री लांब बाह्यांचा सदरा घालू लागले. हात पूर्वीसारखाच तीन ठिकाणी जाई, पण टेकताना बाही जरा मागे सरे आणि मनगटाची आतली बाजू निमिषभर पितळेला लागे. मनगट खरं बोले. दोन महिन्यांत अकरा गाड्या सुटल्या आणि अकराही धड चालल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मिस्त्री मनाशी म्हणत, पण ती झाकून ठेवायला किती जोर लागतो ते त्यांनाच ठाऊक.

अशात मालकांना नवी गाडी सुचली. परगावचे श्रीमंत लोक बघायला येणार होते आणि मालकांच्या मते आपल्या गाड्या दिसायला गावंढळ होत्या.

"नाक कपाळात गेलंय या गाड्यांचं," ते म्हणाले. "रेडिएटर चार बोटं खाली घ्या. बोनेट कसं वाऱ्यासारखं उतरतं दिसलं पाहिजे."

"मालक, चार बोटं खाली घेतलं तर नळीच्या तोंडावर पाणी राहणार जेमतेम दोन बोटं," मिस्त्री म्हणाले. "तेवढं तर सपाट रस्त्यावर वाफेनेच जातं. चढावर काय होईल?"

"चढावरच तर न्यायचीय. रविवारी सकाळी डोंगररस्त्याने, अकरा वळणं चढून, वरच्या विश्रामगृहापर्यंत. पाहुणे वर थांबतील. काय हो नकाशेवाले?"

नकाशेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "हिशेबात बसतंय, मालक. अगदी काठावर, पण बसतंय. मात्र माझा हिशेब कागदावरचा. इंजिन चालवून बघू आणि मिस्त्रींचा हात सांगेल ते खरं धरू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस्त्रींनीही डोलावली, कारण न डोलावायला कारण सांगावं लागलं असतं. नाकापेक्षा मोती जड होत होता आणि तो तोलायचा तराजू त्यांच्याच दंडाला लटकला होता. मनगट आहे ना, ते स्वतःला म्हणाले.

रेडिएटर त्यांनी जीव ओतून बनवला. दिसायला इतका देखणा की कामगार येता-जाता थांबून बघत. बुटका, रुंद, कडा आतल्या बाजूला वळलेल्या. मिस्त्रींना मात्र त्याच्याकडे बघून बरं वाटत नसे. काम संपवून घरी जाताना ते एकदा मागे वळून बघत, कुणीतरी मागून बघतंय असं वाटल्यासारखं.

शनिवारी दुपारी चाचणी होती. पाहुणे एक दिवस आधीच येऊन थडकले. झुळझुळीत कपड्यांतली दहा-बारा माणसं कारखान्यात शिरली आणि त्यांच्यासोबत एक फोटोवाला, तिकाटणं आणि काळं कापड घेऊन. धाकटा चाकामागे बसला होता. इंजिन अर्धा तास चाललं. झाकणाजवळून वाफेचा धागा निघत होता. मिस्त्रींना वाटलं तो नेहमीपेक्षा जरा जाड आहे, पण इतक्या माणसांत धड बघता येईना.

"हाच का तो हात?" एका पाहुण्याने विचारलं, आणि मालक म्हणाले, "हाच." बाजारात घोडा दाखवावा तसं म्हणाले.

मिस्त्री पुढे झाले. फोटोवाल्याने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. "बाह्या वर घ्या, मिस्त्री. हात दिसला पाहिजे. तळहात वरच्या टाकीवर सपाट ठेवा, आणि मी सांगेपर्यंत हलू नका. आठ मोजतो."

बाह्या वर गेल्या. बोटं फाकवून तळहात पितळेवर बसला. फोटोवाला मोठ्याने मोजू लागला. एक, दोन. दोनला हात निघायचा असतो, हे त्या कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तीन, चार. मिस्त्रींना हाताखाली काहीच नव्हतं. पाच, सहा. मग त्यांना तो ओळखीचा वास आला. सात. पाहुणे कौतुकाने बघत होते, मालक पाहुण्यांकडे बघत होते. बोनेटच्या त्या टोकाला, चाकामागे, धाकट्याचं हसू मात्र थांबलं होतं. आठ.

टाळ्या पडल्या. मिस्त्रींनी हात जाळीवर नेला, मग वाकून खालच्या टाकीवर ठेवला. मनातल्या मनात दहा मोजले. ऊन नाही, गार नाही. जाड पुठ्ठ्यावर हात ठेवावा तसं. खालची टाकी कोमट असेल तर सगळं ठीक होतं आणि गार असेल तर फेरा तुटलेला होता, आणि यातलं काय ते त्यांना कळत नव्हतं. मनगट तिथेच होतं, उघडं, हातभरसुद्धा लांब नाही. हात नुसता उलटा करायचा होता. पण बारा माणसं त्या हाताकडे डोळे लावून उभी होती. हात उलटा का केलात, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं? वीस पावलांवर नकाशेवाल्यांच्या खणात ती मखमलीची डबी होती. तीही मिस्त्रींना आठवली. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

"काय मिस्त्री?" मालकांनी विचारलं.

"सोडा गाडी," मिस्त्री म्हणाले.

नकाशेवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांचा हिशेब खरा ठरला होता.

पाहुणे गेल्यावर मिस्त्री मागच्या नळाखाली हात धरून उभे होते. धाकटा आला. त्याने नळ बंद केला नाही, उघडलाही नाही, नुसता शेजारी उभा राहिला.

"दादा, वर आठ मोजेपर्यंत धरलास."

"फोटोसाठी."

"भाजलं नाही?"

"सवय आहे."

धाकटा पाण्याकडे बघत होता. "म्हणजे टाकी तापली नव्हती, असं तर नाही ना? का..." तो अडखळला. पुढचं त्याला विचारवेना. ज्या हाताला धरून चालायला शिकला त्या हाताबद्दल तसलं विचारायचं त्याच्या जिभेवर येईना. "सोडू ना उद्या?"

तेव्हा सांगता आलं असतं. नळ वाहत होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि विचारणारा परका नव्हता. मिस्त्री म्हणाले, "एकदा सांगितलं ना," आणि ते त्यांना हवं होतं त्याहून कडक निघालं.

"मग झालं तर," धाकटा हसून म्हणाला आणि शिट्टी वाजवत गेला.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "मनगट लावलंत ना?" मिस्त्री "हो" म्हणाले. धाकटा समोरच बुटांना तेल लावत बसला होता. उजव्या हाताची मूठ मिस्त्रींनी झोपेपर्यंत उघडली नाही.

सकाळी धाकटा लवकर उठून गेला. जाताना त्याने स्वयंपाकघरात डोकावून वहिनींना सांगितलं की वर पोचलो की विश्रामगृहातून आरशाने तुमच्या खिडकीवर कवडसा पाडतो, बघत बसा. मिस्त्री चहाला आले आणि त्यांनी डाव्या हाताने कप उचलला. वहिनींनी उजवी मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. तळहातभर फोड आले होते, दोन फुटलेले.

"हे वरच्या टाकीचं," त्या म्हणाल्या. "खाली काय लावलंत?"

मिस्त्रींनी हात मागे ओढला.

"मी तुम्हाला विचारतेय. खाली मनगट लावलंत का?"

"नाही लावलं."

वहिनी स्टुलावर बसल्या. थोडा वेळ त्या स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिल्या. "ती युक्ती मीच दिली," त्या हळूच म्हणाल्या. मग उठल्या आणि मिस्त्रींच्या हातातून कप काढून घेतला. "मग इथे बसून काय करताय? जा."

नकाशेवाले कारखान्याच्या माडीवर राहत. मिस्त्री जिना चढून गेले तेव्हा ते दाढी करत होते.

"मला नवी गाडी पुन्हा एकदा बघायचीय," मिस्त्री धापा टाकत म्हणाले.

"काल बघितलीत की."

"पुन्हा. आणि ती तुमची डबी बरोबर घ्या."

नकाशेवाल्यांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. अर्धी दाढी तशीच ठेवून साबण पुसला, खणातून डबी काढून खिशात टाकली, आणि काही विचारलं नाही. सज्जन माणसं वेळेला काही विचारत नाहीत. कधी कधी त्यांनी विचारलं तर बरं होईल.

ते कारखान्याच्या जुन्या गाडीने निघाले. ती मिस्त्रींनी बनवलेली पहिली, उंच नाकाची, मालकांना जिची लाज वाटे ती. गाडी आपली संथपणे, एका लयीत चालली होती. पायथ्याच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याने सांगितलं, नवी गाडी जाऊन तास-दीड तास झाला. झाकणापर्यंत पाणी भरून घेतलंय, म्हणाला, आणि चालवणारा पोरगा शिट्टी वाजवत होता.

चढ सुरू झाला. मिस्त्री बाहेर वाकून रस्त्याकडे बघत होते. दुसऱ्या वळणावर धुळीत पहिला थेंब दिसला, रुपयाएवढा. मग दहा पावलांवर दुसरा. तिसऱ्या वळणानंतर थेंबांची रेघ झाली. झाकणातून पाणी उकळून बाहेर येत होतं आणि एकेक थेंबागणिक वरच्या टाकीतली पातळी नळीच्या तोंडाखाली उतरत होती. मिस्त्रींना ते डोळ्यांनी बघितल्यासारखं कळत होतं. चौथ्या वळणावर ओला पट्टा रस्ताभर पसरला होता.

"जरा वेगाने घ्या," ते म्हणाले.

"यापेक्षा वेग नाही हिला," नकाशेवाले म्हणाले.

पाचव्या वळणावर एक बाई खडी फोडत बसली होती. तिच्यासमोर धुळीत चाकांचे ठसे थांबले होते आणि बुटांची पावलं गाडीच्या पुढच्या अंगाला जाऊन परत फिरली होती. नकाशेवाल्यांनी गाडी उभी करून नव्या गाडीबद्दल विचारलं.

"थांबला होता की इथे," बाई हातोडी खाली ठेवून म्हणाली. "खाली उतरला आणि पुढच्या त्या पितळेला हात लावला. वर लावला तो झटकलाच. मग खाली लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी म्हटलं, काय झालं रे बाबा? तर म्हणतो कसा, खाली गार लागतंय, मावशी, अगदी विहिरीच्या पाण्यासारखं. मी म्हटलं, मग चांगलं की वाईट? तर म्हणाला, वाईट. मग जरासा हसला. म्हणाला, पण दादाने काल हात लावून सांगितलंय, म्हणजे माझाच हात चुकत असेल. थोडा वेळ थांबला, माझ्या घागरीतलं होतं नव्हतं ते पाणी ओतलं आणि गेला. गुणी पोरगा. घागर जागेवर ठेवून गेला."

नकाशेवाल्यांनी गाडी पुढे काढली. आता तेही रस्त्याकडे बघत होते आणि एकदाच त्यांनी मिस्त्रींच्या मांडीवर उताण्या पडलेल्या हाताकडे बघितलं, फोडांकडे.

सहाव्या वळणापर्यंत थोडे थेंब होते. त्यानंतर रस्ता कोरडा. थेंब नाही, ओल नाही, वाफेचा वास नाही. नकाशेवाले म्हणाले, "गळती थांबलेली दिसतेय." मिस्त्रींनी मान हलवली. गळती थांबली नव्हती. गळायला काही उरलं नव्हतं.

आठव्या वळणाआधी चढ एकदम उभा होता. तिथे रस्त्यावर मागच्या चाकांचे दोन काळे ओरखडे होते, हातभर लांबीचे, इंजिन ज्या क्षणी जाम झालं त्या क्षणाचे. त्यांच्या खाली, उताराच्या दिशेने, वेडीवाकडी रेघ होती. धाकट्याने चाकं मोकळी केली असणार, ब्रेक दाबला असणार, आणि एवढ्या वजनाला तो ब्रेक पुरला नसणार. रेघ मागे मागे घसरत कठड्यापाशी गेली होती. कठड्याचे तीन दगड जागेवर नव्हते.

गाडी खाली फार गेली नव्हती. दोन पुरुष खोलीवर एका खडकाला पाठ लावून, नाक वर करून उभी होती. ते देखणं, बुटकं, रुंद नाक. झाकणाजवळून आता वाफेचा धागाही निघत नव्हता. धाकटा तिच्या अलीकडे गवतात पडला होता, कुशीवर, लहानपणी झोपायचा तसा. अंगावर रक्त फारसं दिसत नव्हतं. टोपी शेजारी पडली होती.

मिस्त्री घसरत, खरचटत खाली उतरले. नकाशेवाले मागोमाग आले. मिस्त्रींनी धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं, केसांतलं गवत काढलं आणि तीस वर्षांच्या सवयीने उजवा तळहात त्याच्या कपाळावर ठेवला. मग गालावर. मग सदऱ्याची गुंडी काढून छातीवर. मनातल्या मनात ते मोजत होते, दहापर्यंत गेले, पुन्हा एकपासून सुरू केलं. हाताखाली काही नव्हतं. ऊन नाही, गार नाही. आता कुणी बघायला नव्हतं, हात नुसता उलटा करायचा होता, पण ते त्यांना सुचलं नाही, किंवा सुचलं आणि धीर झाला नाही.

"मिस्त्री," नकाशेवाले म्हणाले, "कसा आहे तो?"

मिस्त्रींनी वर बघितलं.

"तुम्ही बघा," ते म्हणाले. "माझ्या हाताला कळत नाही. कित्येक महिने झाले, काही कळत नाही."

नकाशेवाले गुडघ्यांवर बसले. मिस्त्रींच्या हाताशेजारी त्यांनी आपला हात ठेवला, मग मानेखाली नेला आणि बराच वेळ तिथेच धरला. वरच्या विश्रामगृहातून कुणीतरी भोंगा वाजवला, गाडी अजून का आली नाही म्हणून. तिकडे घरी वहिनी खिडकीपाशी कवडशाची वाट बघत बसल्या असतील, हे मिस्त्रींच्या मनात आलं.

"गार पडलाय," नकाशेवाले म्हणाले.

मिस्त्रींनी मान डोलावली. ते म्हणतील ते खरंच असणार होतं.